वैशाली नगरातली वेटिंग लिस्ट

माझ्या मोठ्या साडूंनी आयुष्यात एकच भारी घड्याळ विकायला काढलं, आणि ते विकलं जात नव्हतं तोवर भिलाईतली बेचाळीस म्हातारी माणसं मेली नाहीत. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहितो आहे. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. साडू दर पौर्णिमेला विहारात अंधश्रद्धेविरुद्ध तास-तासभर बोलतात. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि भुताखेताचं नाव काढलं तर त्या पोळ्या लाटता लाटता हसतात. तरीही त्या दोन-अडीच वर्षांत वैशाली नगराच्या त्या गल्लीतून जाताना मी स्कूटर जरा जोरात काढायचो, आणि साडूंच्या दुकानासमोरच्या बाकाकडे बघायचं टाळायचो, हेही आता सांगून टाकलेलं बरं.

साडू भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला होते. भट्टीतलं तापमान, दाब, वाफ, असं जे जे डोळ्यांना दिसत नाही ते काट्यावर दाखवायचं, हे त्यांचं काम. रिटायर होऊन क्वार्टर सोडलं, वैशाली नगरात घर बांधलं आणि पुढच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं. माणूस कमालीचा सरळ. सेल बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला जुना सेल अजून चार महिने चालेल असं सांगून परत पाठवायचे. फक्त एक खोड होती, ती म्हणजे भाव. कुठलीही वस्तू बघितली की तिची किंमत कितीने चुकली आहे आणि ती कुठल्या गल्लीत, कुठल्या माणसासमोर ठेवायला हवी होती, हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. सुपेल्याच्या बाजारात पेरूवाल्याला त्यांनी भाव दुप्पट करायला लावला आणि पेरू टोपलीत न ठेवता एकेक कागदात गुंडाळून ठेवायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो पेरूवाला त्यांना बघून दुसऱ्या गल्लीत वळला. माझ्या बायकोने हौसेने पापड विकायला काढले, तेव्हा यांनी येऊन भाव तिप्पट केला आणि एका पुड्यात फक्त सहा पापड ठेवायला लावले. आम्ही आठ महिने पापड खाल्ले. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की पापडाची काही चूक नव्हती, आमच्या स्मृति नगराची होती. तेच पापड रायपूरला काचेच्या कपाटात ठेवले असते तर लोकांनी हात जोडून नेले असते.

अशा माणसाच्या हाती ते घड्याळ लागलं. उद्योगपट्टीतल्या एका रोलिंग मिलचे शेठ स्वतः येऊन ते साफ करायला टाकून गेले, आणि न्यायला आलेच नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा आला, डोक्यावरचे केस नुकते उतरवलेले. साडूंनी घड्याळ पुढे केलं आणि सांगितलं, की हे अस्सल स्विस आहे, चावीचं आहे, आत एकही सेल नाही, याची किंमत काही लाखांत असेल. मुलगा दमलेल्या चेहऱ्याने हसला. म्हणाला, "अंकल, असली होती तो बाबूजी आपके यहाँ देते क्या?" आणि ते तसंच काउंटरवर ठेवून गेला. साडूंनी दोनदा त्याच्या मिलवर जाऊन ते परत करायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा वॉचमननेच आत सोडलं नाही. शेवटी मुलाने फोनवर सांगितलं की विका, ठेवा, काय करायचं ते करा, पण ते घड्याळ पुन्हा घरी आणू नका, आईला त्याचा आवाज ऐकू येतो म्हणते.

साडूंना त्यातलं शेवटचं वाक्य ऐकूच आलं नाही. मुलगा दुकानात पहिल्यांदा जे बोलून गेला त्यावर ते महिनाभर विचार करत होते. घड्याळ खरं आहे, पण दुकान समोशाच्या गाडीशेजारी आहे म्हणून ते खोटं ठरतं, ही गोष्ट त्यांच्या जिवाला लागली. त्यांनी आधी आठ हजारांची चिठ्ठी लावली. लोक हसले, एकाने पाचशेत मागितलं. मग त्यांनी काही न करता चिठ्ठी ऐंशी हजारांची केली. लोक हसायचे थांबले आणि वाकून बघू लागले. दीड लाख केली तेव्हा बघणारे हात मागे बांधून उभे राहू लागले. "पाह्यलं का गुरुजी," साडू मला म्हणाले, "घड्याळ तेच हाय. त्याच्यातला एक दात बी मी बदलवला नाई. भाव बदलला, त माणसं बदलली." मला तेव्हा ही गंमत वाटली होती.

खरी ठिणगी रायपुरात पडली. एका मॉलमधल्या घड्याळांच्या शोरूममध्ये ते मुद्दाम जाऊन आले, इस्त्रीचा शर्ट आणि विहारात घालायचे बूट घालून. काचेतल्या एका घड्याळाकडे बोट करून त्यांनी भाव विचारला. कोट घातलेल्या पोराने नम्रपणे सांगितलं की हे घड्याळ विकायचं नाही, फक्त बघायचं आहे. हवं असेल तर नाव लिहून जा. कधी येईल सांगता येत नाही. आणि आधी आमच्याकडून काय काय घेतलं आहे त्यावर तुमचा नंबर ठरेल. दुसरा कोणी चिडला असता. साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. परतीच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला ते सांगत होते, की हे साहेब लोक स्वित्झर्लंडमध्ये बसून जे आत्ता शिकले, ते टाउनशिपमधल्या माणसाला जन्मापासून ठाऊक आहे. ही क्वार्टरची अलॉटमेंट आहे. सीनियॉरिटी, ग्रेड, नंबर आणि वाट बघणं. आयुष्यभर फुकट बघितलेली वाट ते लोक लाखांना विकतात.

पुढच्या एक तारखेला दुकानाबाहेर फळा लागला. अनुक्रमांक, नाव, विभाग, सर्व्हिस किती वर्षं. ज्याची सर्व्हिस जास्त त्याचा नंबर वर. अर्ज दोन प्रतींत, एक फोटो, सर्व्हिस सर्टिफिकेटची झेरॉक्स. पैसे काही नाहीत. अलॉटमेंट आली आणि घेतली नाही, किंवा भिलाई सोडली, तर नाव कायमचं कटेल, ही क्वार्टरच्या नियमातली ओळ त्यांनी जशीच्या तशी घेतली. मला वाटलं एकही माणूस यायचा नाही. महिन्याभरात एकोणीस नावं आली. कोक ओव्हनचे, ब्लास्ट फर्नेसचे, रेल मिलचे, दुर्ग लाइनवर आयुष्य घालवलेले रेल्वेवाले, सगळे रिटायर. त्यांना घड्याळ नको होतं हे मला नंतर कळलं. त्यांना नंबर हवा होता. क्वार्टरसाठी, गॅससाठी, टेलिफोनसाठी, स्कूटरसाठी ज्यांनी नंबर लावले, त्यांचा रिटायर झाल्यावर कुठेच नंबर राहिला नव्हता. आता सकाळी फिरायला निघालेला माणूस वाट वाकडी करून फळ्यापाशी थांबायचा, आपलं नाव बघायचा आणि पुढे जायचा.

एक नंबरवाला एक क्रेन ऑपरेटर खरोखरच दीड लाख घेऊन आला. साडूंनी त्याच सकाळी भाव एक लाख नव्वद केला होता. तो माणूस जराही रागावला नाही. उलट चार घरी सांगत फिरला की कालपेक्षा चाळीस हजारांनी महाग घड्याळात आपला पहिला नंबर आहे. साडूंचं भावाचं सूत्र यातून पक्कं झालं. एक नंबरवाल्याच्या घरची माहिती काढायची, त्याला किती झेपेल याचा अंदाज घ्यायचा आणि चिठ्ठी त्याच्या थोडी वर लावायची. "भाव दिसला पायजे, पण हाताले लागला नाई पायजे," ते म्हणायचे. "या घड्याळाचं खरं दाम वाट पाहाचं हाय. पैसा त मागून येते."

यादी बेचाळिसावर गेली आणि मग भिलाई-३चे गार्डबाबू एक दिवस माझ्याकडे आले. हे रेल्वेतले रिटायर गार्ड, नागपूरकडचे, सदतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसून काढलेले. अशा माणसाला मोजायची सवय असते. खाली बसल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, दीड वर्स झालं. आमच्यातलं कोणी मेलं नाई." मी म्हटलं, चांगलंच आहे. ते म्हणाले, "बेचाळीस माणसं, सारी सत्तरच्या वरची. आमच्या गल्लीत त्याच दीड वर्सात चार तिरड्या उठल्या. यादीतली एक नाई." मी त्यांना योगायोग समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन नावं सांगितली. एकाने नातीच्या लग्नासाठी पैसे लागतील म्हणून नाव मागे घेतलं होतं. तो नवव्या दिवशी अंगणात बसल्या जागी गेला. दुसरा मुलाकडे नागपूरला राहायला गेला म्हणून साडूंनी नियमाप्रमाणे नाव काटलं. त्याची खबर सव्वा महिन्यात आली. त्याची बायको दिवस झाल्यावर नागपूरहून आली, फळ्यासमोर उभी राहिली आणि पुसलेल्या जागेकडे बघून साडूंना एवढंच विचारलं, "कावून काटलं जी नाव?" साडूंनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

तिथून त्या गल्लीची हवा बदलली. बाकावर माणसं बसू लागली, पण बोलेनाशी झाली. साडू सकाळी दहाला घड्याळाला चावी द्यायचे तेव्हा सात-आठ जण तरी हजर असायचे आणि शेवटचा वेढा पूर्ण होईपर्यंत कोणी खाकरत नसे. लाइट गेली, पंखा थांबला, की त्या घड्याळाचा आवाज बाहेर बाकापर्यंत यायचा. एवढ्या लहान घड्याळाचा आवाज रस्त्यापर्यंत येऊ नये, हे मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून सांगू शकतो, आणि तो यायचा, हेही मी तिथे उभा राहून ऐकलेलं आहे. गार्डबाबू म्हणायचे की दूरच्या लाइनवरून गाडी चालल्यासारखा तो आवाज आहे, जवळ येत नाही आणि दूरही जात नाही. संध्याकाळी प्लांटमध्ये भट्टीतला तापलेला स्लॅग ओतला की आभाळ तांबडं व्हायचं आणि त्या उजेडात ते म्हातारे बाकावर ओळीने, आपापल्या नंबराप्रमाणे बसलेले दिसायचे. नंबराप्रमाणे बसा असं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

गंमत अशी, की आता एक नंबर कोणालाच नको झाला. एक नंबर म्हणजे घड्याळ मिळण्याची भीती, घड्याळ मिळालं म्हणजे यादीतून नाव गेलं, आणि नाकारलं तरी गेलंच. लोक आपलं नाव खाली सरकवण्यासाठी वशिला लावू लागले. क्रेन ऑपरेटर पेढे घेऊन आला आणि आपली दोन वर्षांची सर्व्हिस मुळात ब्रेकमध्ये होती, ती वजा करा, असं शपथेवर सांगू लागला. ती वजा झाली आणि एक नंबरवर गार्डबाबू आले. एका रविवारी तर सगळ्यांचं लेखी निवेदन आलं की घड्याळाचा भाव ताबडतोब वाढवावा. गिऱ्हाइकांनी भाववाढीसाठी निवेदन दिल्याचं मी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही. साडूंनी त्यांना खूप झापलं. पौर्णिमेला विहारात त्यांनी या विषयावर असं भाषण केलं की मागच्या रांगेपर्यंत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत यादीतले तीस जण होते, आणि खीर घेताना त्यातल्या प्रत्येकाने साडूंच्या कानाशी लागून आपला नंबर कुठवर आला ते विचारलं. साडूंनी भाव वाढवला. नाव मात्र त्यानंतर त्यांनी एकाचंही काटलं नाही. एक जण मुलीकडे कोरब्याला राहायला गेला तेव्हासुद्धा नाही. मी नियमाची आठवण केली तर म्हणाले, पत्ता बदलला म्हणून माणूस बदलत नाही.

मीही एकदा अर्ज घ्यायला गेलो होतो. त्या आठवड्यात माझी शुगर फार वाढली होती. साडूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कायले?" मी म्हणालो, बायकोसाठी सेल हवा होता, भिंतीवरच्या घड्याळाचा. त्यांनी सेल दिला. मी पैसे देऊन परत आलो, आणि आमच्या भिंतीवरचं घड्याळ चांगलं चालू होतं.

हे सगळं ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, कधी मनावर घेतलं नाही. त्या नर्स होत्या, रिटायर झालेल्या. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईच्या बोलण्यात एक सपाटपणा येतो, तसा त्यांच्यात होता. बाकावरच्या म्हाताऱ्यांना त्या आतून चहा पाठवायच्या आणि वर सांगायच्या, की नंबर लावून कोणी जगत असतं तर आमच्या हॉस्पिटलात रांग लागली असती. त्यातल्या निम्म्यांना त्यांनी कधी ना कधी सुई टोचलेली होती, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी तोंड उघडत नसे. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटात दुखू लागलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट घेऊन आम्ही दोघे साडू दुकानात बसलो होतो, आणि ते तोच तो कागद पुन्हा पुन्हा घडी घालून उघडत होते. रोग पसरलेला होता. रायपूरला औषधं सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी भाड्याची गाडी, दोन दिवसांची उलटी, मग आठ दिवस बिछाना.

पुढच्या एक तारखेला फळ्यावर त्रेचाळिसावं नाव आलं. साडूंना लपवाछपवी जमत नाही. त्यांनी त्यांच्या नेहमीच्या वळणदार अक्षरात ताईंचं नाव लिहिलं, विभाग या रकान्यात लिहिलं 'घर', आणि सर्व्हिस या रकान्यात 'अडतीस वर्षं'. घरची सर्व्हिस क्रमात धरत नाहीत, म्हणून नंबर शेवटचा. गल्लीत कोणी हसलं नाही. मला त्यांचा राग आला, खरोखर आला. आयुष्यभर ज्या गोष्टीविरुद्ध हा माणूस बोलला, तिच्याच पाया पडायला गेला असं मला वाटलं. मी ते त्यांना सांगायला म्हणून गेलो आणि फळ्यावरची ती ओळ वाचून तसाच परत आलो.

ताईंना ते चार महिन्यांनी दिसलं; तोवर गाडीतून उतरल्या की त्यांना धरून थेट पलंगावर नेत. रायपूरच्या पाचव्या फेरीहून आल्या, गाडीतून उतरून जरा वेळ उभ्या राहिल्या, आणि फळा वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा नवरा-बायकोला बोलावून घेतलं. वजन निम्मं झालं होतं, पण आवाज तोच. साडूंना समोर बसवून त्यांनी विचारलं, "तुमी त म्हणत होते ना, का हे सारं थोतांड हाय?"

साडू खाली मान घालून म्हणाले, "हाय ना. थोतांडच हाय."

"मंग माझं नाव पुसा."

साडू उठले नाहीत. आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली आणि माझी बायकोही उठली नाही. मग ताई म्हणाल्या, आणि हे त्या जवळजवळ समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "पुसवत नाई ना? राहू द्या. मंग मले वर घ्या. क्वार्टरले मेडिकल ग्राउंडवर आउट ऑफ टर्न होत होतं. मी मेडिकलच हाय." साडूंनी नकाराची मान हलवली. तेव्हा ताईंनी खरं काय ते सांगितलं. "मले आता रायपूरले नका नेऊ. मी लोकं जातांना पाह्यली हाय. ज्याले घरचे धरून ठेवते ना, त्याचं लय हाल होते. तुमच्यानं तोंडानं 'जा' म्हणवत नाई, त नियमानं म्हणा."

नियमापुढे साडूंचं काही चाललं नाही. त्यांनी फळ्यावर नोटीस लावली: त्रेचाळीस नंबरला वैद्यकीय कारणावरून प्रथम क्रमांक देण्याचा विचार आहे, कोणाचा आक्षेप असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावा. आक्षेप येणार नाही याची मला खात्री होती. एक नंबरमधून सुटायला तर जो तो टपलेला. सातव्या दिवशी आक्षेप आला, तो गार्डबाबूंचा. एक नंबरवर तेच होते आणि कित्येक महिने त्यांना धड झोप नव्हती. तरी त्यांनी लिहिलं होतं, की माझा प्रथम क्रमांक मी कोणासाठीही सोडणार नाही. कागद देताना म्हणाले, "मले अटॅक आला तवा ताई रातभर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी त्यायच्या समोरून हटणार नाई. मले द्या घड्याळ, पायजे त." साडूंनी तो कागद इतक्या वेगाने फाइलला लावला की मी समजलो, त्यांना हाच कागद हवा होता.

ताईंनी गार्डबाबूंना घरी बोलावलं. दार लोटून दोघं अर्धा तास बोलली. आत काय झालं ते मला माहीत नाही. बाहेर येताना म्हाताऱ्याने रुमालाने चेहरा पुसला, साडूंकडे न बघता फाइल मागितली आणि आपल्या आक्षेपाखाली लिहिलं, 'मागे घेतला', खाली सही आणि तारीख. मग चपला हातात घेऊनच रस्त्यापर्यंत चालत गेले.

राहिला भाव. चिठ्ठी तेव्हा दोन लाख ऐंशी हजारांवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला साडू घड्याळ घेऊन आत आले आणि पलंगाशेजारी उभे राहिले. आम्ही दोघं होतोच. ताईंनी भाव विचारला. त्यांनी सांगितला. ताई म्हणाल्या, कमी करा. आणि इथे हा माणूस, ज्याने एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बायकोच्या डोळ्यांत सरळ बघितलं होतं, तो आपल्या हट्टावर आला. म्हणाले, महागाचं घड्याळ कमी होत नाही, एकदा उतरलं की ते उतरलंच, मग त्याला कोणी विचारत नाही. शोरूमवाल्या पोरासारखं नम्रपणे बोलत होते. मला कळलं की हा यांचा शेवटचा टेकू आहे, याच्यापुढे यांच्याकडे काही उरलेलं नाही.

ताईंनी जराही आवाज चढवला नाही.

"तुमीच म्हणता ना, याचं खरं दाम वाट पाहाचं हाय. अडतीस वर्सं मी तुमची जेवाले वाट पाह्यली. माझी ड्युटी करून. तुमची पाळी, तुमचा ओव्हरटाइम, मंग हे दुकान. ताट वाढून बसली राहो मी. भाव पुरा झाला का नाई, एवढं सांगा."

साडू पलंगाच्या कडेवर बसले. घड्याळाचा पट्टा त्यांनी ताईंच्या मनगटाला लावून बघितला. पुरुषी पट्टा, फार मोठा होत होता. खिशातून टोचा काढून त्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडलं, मग आणखी आत दुसरं, आणि घड्याळ बांधलं. "झाला," एवढंच म्हणाले. ताईंनी हात वर करून उजेडात घड्याळ बघितलं आणि माझ्या बायकोला सांगितलं की छान दिसतं, पण जड आहे.

रायपूरची गाडी त्या आठवड्यात सांगितली नाही. रोज सकाळी दहाला साडू पलंगापाशी बसून ताईंच्या मनगटावरच घड्याळाला चावी द्यायचे, आणि बाहेरच्या बाकावर कोणीच नसायचं. अकराव्या दिवशी चावी देऊन झाल्यावर ताईंनी थोडं पाणी मागितलं, ते घेतलं आणि गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता. एवढं मी खात्रीने सांगू शकतो. बाकी कशाचीच खात्री आता मला देता येत नाही. गार्डबाबू आणि बाकीचे एक्केचाळीस जण खांदा द्यायला होते. सगळे अजून आहेत. यादीही आहे, साडू ती एक तारखेला लिहितात, कशासाठी ते कोणी विचारत नाही. पौर्णिमेचं भाषण त्यांनी सोडलं. म्हणाले, दुसऱ्या कोणाला तरी सांगा, मला आता नीट बोलता येणार नाही.

परवा दुपारी मी सहज त्यांच्याकडे गेलो. दुकानाचं शटर ओढलेलं होतं. आता ते रोज एक वाजता दुकान बंद करतात, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आत गेलो तर चटईवर ताट वाढलेलं होतं आणि ते समोर मांडी घालून बसले होते. वरण गार होऊन त्यावर साय धरली होती. त्यांनी उठून माझ्यासाठी दुसरं ताट आणलं, गरम वरण वाढलं, लोणच्याची बरणी पुढे सरकवली. मी दोन घास घेतले. त्यांनी हात लावला नव्हता. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही बसा ना जेवायला, किती वाजले बघा.

"तुमी जेवा गुरुजी," ते म्हणाले. "मी थांबतो थोडा."